यांच्या नावाची माणसं

लग्न होऊन मी या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या घागरीवरून अडले. सासूबाईंनी विचारलं, "कोणत्या इहिरीचं आणलंस?" मला उत्तर देता येईना. गावात पिण्याच्या पाण्याच्या तीन विहिरी होत्या. मी जिथून आले होते त्या विहिरीचं नाव आणि आमच्या मालकांचं नाव एकच. शेवटी म्हणाले, "यांच्या नावाच्या."

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "शिकशील हळूहळू. हितं त्या नावाबिगर पान हलत न्हाई."

ते नाव मी इथेही लिहिणार नाही. मुलगा म्हणतो, आई, तोंडानं घेत नाहीस ते ठीक, लिहायला काय होतं? काही होत नसेल. पण बावीस वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते हातातून काढायचं म्हणजे मला जमत नाही. लग्नात एकदा आणि डोहाळजेवणात एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच. शिवाय ज्या माणसाची हकीकत सांगायची आहे, त्यानंही ते नाव नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा नाव म्हणजे ते नाव, एवढं वाचणाऱ्यांनी धरून चालावं.

गावाच्या शिवेवर, एसटीच्या थांब्याजवळ, कडुलिंबाखाली एक पीर आहे. चुना दिलेली कबर, हिरवी चादर आणि बसायला ओटा. ज्या बाईला मूल होत नसे किंवा झालेलं जगत नसे, ती गुरुवारी तिथं मलिदा घेऊन जाई आणि नवस बोले. मुलगा झाला की त्याला पिरावरून ठरलेलं ते नाव ठेवायचं. जात कोणतीही असो, मुजावरानं कधी कुणाला विचारलं नाही. त्यामुळे त्या नावाची माणसं आमच्याकडे फार. माझं लग्न झालं तेव्हा अकरा होती. पुढच्या पाच वर्षांत चार वारली, दोन पोटासाठी परभणीला गेली, एक नवं जन्मलं, सहा राहिली. विहीर, थांबा, थांब्याला लागून असलेलं आमचं सात एकरांतलं दोन एकर रान आणि सासऱ्यांनी उरुसात विकत घेतलेला एक बैल, हे वेगळे.

बैलाची मोठी पंचाईत होई. तो कडब्यात तोंड घालू लागला की सासूबाई त्याला नावानं शिवी देत आणि हे आतून "आलो, आलो" म्हणत. मला बैलाला हाकलता येत नसे, कारण हाक मारायची तर नाव घ्यावं लागे. मी नुसती हातातली काठी आपटत असे. शेजारणी म्हणत, "बैलाला बी अहो म्हण की मग." मी एकदा रागानं खरंच म्हणाले, आणि ती गोष्ट वर्षभर गावात फिरली.

एका नावाची माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नसत. "दोस्त" म्हणत. वयाचा फरक असला तरी दोस्तच. गावातले सर्वांत मोठे जमीनदार त्याच नावाचे होते, बासष्ट एकर बागायत. तेसुद्धा यांना रस्त्यात "काय दोस्त, पेरणी झाली का?" असं विचारत. तिसरा नावाचा माणूस शिंपी. चौथा मेंढरंवाला धनगर. पाचवं तीन वर्षांचं पोर, ज्याच्या आधीची दोन भावंडं गेली होती. आणि सहावा बौद्धवाड्यातला.

तो आणि आमचे मालक एका पावसाळ्यातले. दोघांच्या आयांनी एकाच गुरुवारी मलिदा नेला होता, असं सासूबाई सांगत. दोघे चौथीपर्यंत एका शाळेत होते. मास्तर हजेरी घेताना नाव एकदाच पुकारत आणि दोघे एकदम "हजर" म्हणत. पुढे तो मॅट्रिक झाला आणि पूर्णेच्या बाजूला रेल्वेत रोजंदारीवर लागला. छप्पन्न साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःचं नावही बदललं. शाळेच्या दाखल्यावर आणि रेल्वेत. नवं नाव चांगलं होतं, बुद्धाशी संबंध असलेलं. तेही मी लिहीत नाही. एकाचं लिहायचं नाही तर दुसऱ्याचं तरी कशाला.

वस्तीतल्या माणसांनी नवं नाव लगेच धरलं. गावानं धरलं नाही. एकदा ग्रामसेवक चावडीवर नवी रेशनकार्डं वाटायला बसला होता. यांनी घरी येऊन सांगितलं ते असं. ग्रामसेवकानं त्याचं जुनं नाव पुकारलं. तो समोर बसलेला, पण उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी उठला नाही. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मोठे जमीनदार म्हणाले, "बहिरा झालास का रं?"

तो म्हणाला, "मी बहिरा न्हाई. त्या नावाचं माणूस हितं न्हाई."

"नाव बदलून माणूस बदलतंय व्हय?"

"न्हाई बदलत. मग आमचं बदललं तर तुमचं काय जायलंय?"

कुणीतरी हसलं, पण जमीनदार हसले नाहीत. ग्रामसेवकानं कार्डावरचं नाव खोडून दिलं, आणि त्या दिवसापासून चारचौघांत त्याला जुन्या नावानं कुणी हाक मारली नाही. नव्या नावानंही मारली नाही. "अरे ए", नाहीतर "ते रेल्वेवालं". आमचे मालक मात्र "दोस्त" म्हणत राहिले. त्याला त्याची हरकत नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला. आमच्या गावातून तोवर एकही माणूस त्या विद्यापीठात शिकायला गेलेला नव्हता. तरी हॉटेलात, पारावर, पिठाच्या गिरणीत दुसरा विषय नव्हता. मग बातम्या येऊ लागल्या. अमक्या गावात वस्ती पेटवली, तमक्या गावात पाटील म्हणाले व्यवहार तोडा, मजुरी बंद करा. बातमी सांगणारा माणूस आवाज खाली आणत असे, पण त्याच्या तोंडावर वाईट वाटल्याची खूण असेलच असं नाही. आमच्या रानात खुरपायला वस्तीतल्या चार बायका येत. त्या यायच्या बंद झाल्या. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं की त्याच घाबरल्या, हे मला कळलं नाही. मूग तोडणीला आले होते, आणि ओळीत मी आणि सासूबाई दोघीच.

पंचमीच्या आधीच्या बाजाराला मी पूर्णेला गेले होते. मिरच्यांच्या ढिगाशी मावसबहीण भेटली. ती आमच्या गावापासून तीन कोसांवरच्या गावात दिलेली. एरवी बांगड्या बघ, पोरं कशी आहेत विचार, असं चाले. त्या दिवशी तिनं माझ्या हाताला धरून बाजूला नेलं आणि मिरची निवडल्यासारखं करत म्हणाली, "अक्का, तुमच्या गावात दाजीच्या नावाचं माणूस हाय ना, त्याला म्हणावं पंचमीच्या आत गाव सोड."

"कोण? सहा जणं हायेत."

"मला काय ठावं. आमच्या ओसरीवर बसून बोलायलेत. रोज बसायलेत. टॅक्टर सांगून ठिवलेत. नावच घेतेत नुसतं, त्याला आधी धरायचं म्हणतेत."

"अगं पण कशापायी?"

तिची सासू पिशवी घेऊन मागून येत होती. बहिणीनं मिरच्या टाकून दिल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "लय महाग लावलीस गं बाई," आणि निघून गेली. ते मिरचीवाल्या बाईला होतं.

परत येताना एसटीत मी खिडकीशी बसले. कंडक्टरनं आमच्या थांब्याचं नाव पुकारलं. त्या दिवसापर्यंत ते नाव कुणाच्याही तोंडून ऐकलं की मला थोडी लाज आणि थोडं बरं वाटे. त्या दिवशी ते कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवावा तसं वाटलं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. माझ्या तोंडून निरोप निघाला तो असा: "यांच्या नावाच्या माणसानं पंचमीच्या आत गाव सोडावं." त्यांनी तो ऐकला आणि परातीतलं पीठ तसंच ठेवून उठल्या. मुलगा म्हणजे त्यांचा जीव. तीन मुलांनंतर जगलेला चौथा. त्या म्हणाल्या, "बांधाचं भांडण. मी म्हणत हुते, त्या बांधाला हात लावू नको."

हे म्हणाले, "बांधापायी कुणी टॅक्टर आणतंय का?"

"आणतेत. तू उद्या सकाळी मानवतला जा. सासरवाडीला. पंचमी झाल्यावर ये."

"लोक काय म्हणतील? बायको हितं आन मी सणाला माहेरी?"

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते गेले.

निरोप गुप्त राहिला नाही. सासूबाईंनी धनगराच्या बायकोला सांगितलं, कारण तिच्याही नवऱ्याचं नाव तेच. तिनं शिंप्याच्या आईला. संध्याकाळपर्यंत नावाच्या प्रत्येक घरात बातमी पोचली होती, आणि नवल म्हणजे प्रत्येकाला ती आपल्यासाठीच आहे असं वाटलं. धनगराची मेंढरं मागच्या महिन्यात त्या बाजूच्या रानात शिरली होती, त्यानं कळप नदीकडे हलवला. शिंप्यानं वस्तीसाठी निळे झेंडे शिवून दिले होते, तो पालमला जावयाकडे गेला. त्याचं मशीन शेजाऱ्याच्या घरात नेऊन त्यावर गोधडी टाकली होती. मोठ्या जमीनदारांचा परभणीच्या कोर्टात दावा चालू होता, ते वकिलाकडे जातो म्हणून जीपनं गेले. तीन वर्षांच्या पोराच्या आईनं त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला आणि त्याला घेऊन माळ्यावर जाऊन बसली. ते पोर वरून सारखं ओरडत होतं, मला शी आली म्हणून.

मी बोटं मोजली. पाच. आणि मनाशी म्हटलं, चला, नावाचं माणूस गावात कुणी राहिलं नाही. हिशेब जुळला की मला झोप लागते. त्या रात्री लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. यांच्यासाठी म्हणून मी मलिदा केला आणि दुपारी पिरावर गेले. ओट्यावर एक म्हातारी आधीच बसली होती. बौद्धवाड्यातली, त्या सहाव्याची आई. वस्तीनं देव सोडले, नवस सोडले, मुलगा तिला कित्येकदा बोलला, पण ती गुरुवारी पिरावर यायची थांबली नव्हती. तिनं पानावरचा मलिदा पुढे सरकवला, हात जोडले आणि मुलाचं नाव घेऊन म्हणाली, "त्याला सांभाळ."

जुनं नाव घेतलं. तेच. मी ते नाव ऐकलं आणि ताटली तशीच ओट्यावर ठेवून तिच्याजवळ सरकले.

म्हातारीनं मान वळवली. "काय झालं गं सूनबाई?"

"मावशी, तुमी लेकाला त्याच नावानं हाक मारता?"

"मग? त्यानं सोडलं नाव, मी न्हाई सोडलं. माझ्या नवसाचं हाय. तो ओ देत न्हाई, मी मारत ऱ्हाते."

"गावात आणिक कोण मारतंय?"

"तोंडावर कुणी न्हाई. मागं सगळे तेच म्हणतेत."

मी तिला निरोप सांगितला. तिनं कबरीवरची चादर नीट केली आणि म्हणाली, "हे मला नगं सांगू. माझं ऐकत न्हाई तो. तू चल."

वस्तीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. घरं एकतीस होती, बरीचशी पत्र्याची, काही कुडाची. त्याचं घर शेवटचं, दारावर नव्या नावाची पाटी. तो उंबऱ्यात बसून सायकलचं पंक्चर काढत होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "वहिनी, तुमी हितं?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले.

"निरोप कोणत्या नावाच्या माणसाला हाय?"

"जुन्या."

"मग ते माणूस हितं ऱ्हात न्हाई."

"भाऊजी, त्या लोकांना ते ठावं न्हाई."

तो हसला, पण थोडंच. "दोस्त कुठंय?"

"मानवतला."

"आन बाकीचे?"

मी एकेकाचं सांगितलं. पालम, परभणी, नदीचा काठ, माळा. तो ऐकत गेला. मग म्हणाला, "म्हंजे निरोप सगळ्यांना पोचला. ज्याचा होता त्याला शेवटी."

"तुमाला आमी त्या नावात धरलं न्हाई."

"बरोबर हाय. मीच सांगितलं हुतं, धरू नका म्हणून."

त्याची बायको आतून आली. तिच्या काखेत पोर होतं. ती म्हणाली, "आता काय करायचं?" तो म्हणाला, मी एकटा गेलो तर ते राग वस्तीवर काढतील. सगळ्यांनी जायचं तर जनावरं आहेत, भांडीकुंडी आहेत. बायका-पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी सकाळी निघावं, खुरपायला निघाल्यासारखं, आणि चुडाव्याच्या स्टेशनवरून पूर्णा गाठावी. तिथं रेल्वेच्या चाळीत आपली माणसं आहेत. गडी मागे राहतील. मी म्हणाले, तुम्ही राहू नका. त्याला आधी धरायचं असं त्यांचं बोलणं झालं आहे. तो म्हणाला, "बघतो." बघतो म्हणजे राहणार, हे मला कळलं. म्हातारीलाही कळलं. ती दारात बसकण मारून म्हणाली, "मी बी न्हाई जात मग."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बायका निघालेल्या मी पाहिल्या. डोक्यावर पाट्या, पाट्यांत पोरांचे कपडे, वरून खुरपी दिसतील अशी ठेवलेली. त्यांत तो नव्हता आणि म्हातारीही नव्हती.

आम्ही थांब्याजवळच्या रानात मूग तोडत होतो. मी, सासूबाई आणि शेजारची एक बाई. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्यानं दोन ट्रॅक्टर आणि एक ट्रक आला आणि कडुलिंबाखाली थांबला. माणसं भरलेली. बहुतेक तोंडं अनोळखी होती. रॉकेलचे डबे उघड दिसत होते, लपवायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्यांतल्या एकानं ओट्यावर पाय देऊन बिडी पेटवली. ते कुणाची तरी वाट पाहत असावेत, रस्ता दाखवणाऱ्याची. गावाकडून कुणी आलं नाही, आणि गावातली दारं लागत गेलेली लांबून दिसत होती.

तेवढ्यात पूर्णेची एसटी आली. तिच्यातून एकच माणूस उतरला. मालक.

पंचमी व्हायची होती. त्यांनी यायला नको होतं. सासूबाई उठू लागल्या, मी त्यांचा दंड धरला. आम्ही बांधाच्या आत होतो, पंधरा-वीस हातांवर, आणि बोलणं ऐकू येत होतं.

"थांब. ह्याच गावचा का?"

"व्हय."

"नाव काय?"

यांनी सांगितलं. नुसतं नाव, गावात सगळे सांगतात तसं.

बिडीवाला बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "घ्या. ह्योच म्हणायलाय." तिघे-चौघे ट्रकमधून उतरले. एकानं यांची कॉलर धरली. एसटी निघून गेली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं मागं पाहिलं नाही. यांच्या हातात माझ्या भावानं दिलेली पेढ्यांची पुडी होती, ती त्यांनी छातीशी धरली होती. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं? नाव घेऊन ओरडले असते तर तेच नाव.

मग त्यांतला एक वयस्क माणूस म्हणाला, "अरे, आडनाव विचारा आधी."

"आडनाव काय रं?"

यांनी आडनाव सांगितलं.

"आं?"

पुन्हा सांगितलं. कॉलर सुटली. ज्यानं धरली होती त्यानंच ती हातानं नीट केली. "अवं पाव्हणं, मग आधी सांगायचं की. आपलंच माणूस." दुसरा म्हणाला, "तुमच्या आईला दुसरं नाव घावलं न्हाई का ठिवायला?" सगळे हसले. यांच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. आणि वयस्क माणसानं साध्या आवाजात, वाट विचारावी तसं विचारलं, "मग तुमच्या नावाचं ते दुसरं कुठं ऱ्हातंय?"

हे काही बोलले नाहीत. तो म्हणाला, "जाऊ द्या, घावंल." ट्रॅक्टर सुरू झाले. वस्तीकडे जाणारी गाडीवाट एकच होती.

हे धावत आमच्याकडे आले. पहिला शब्द, "त्याला सांगायला आलतो. काल तुझ्या भावानं पेपर वाचून दाखवला, तवा माझ्या ध्यानात आलं निरोप कुणाचा हाय ते."

"मी सांगितलंय," मी म्हणाले.

"गेला का?"

"बायका गेल्या. तो दिसला न्हाई."

ते वळले आणि वस्तीकडे निघाले. सासूबाईंनी त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि चिखलात बसल्या. साठीची बाई, पण यांना ती मिठी सोडवता आली नाही. सोडवायची होती की नाही, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. आधी एक धूर उठला, मग शेजारी दुसरा, मग वेगळे मोजता येईनात. पत्रे तडकल्याचे आवाज येत होते. शेजारची बाई खाली मान घालून मूग तोडत राहिली, ओळ संपेपर्यंत.

अकरा घरं जळाली. मागे राहिलेल्या गड्यांपैकी दोघांचे हात मोडले, एकाचा डोळा गेला. नावाच्या माणसाला ते शोधत राहिले. तो सापडला नाही. त्याचं घर पहिलं पेटवलं आणि पाटी काढून नेली.

तो कसा वाचला ते आम्हाला आठवड्यानं कळलं, पोलीस पंचनाम्याला त्याला घेऊन आले तेव्हा. त्या सकाळी सगळ्या बायका निघून गेल्यावर म्हातारी दारातून उठेना. तू राहणार तर मी इथंच जळते म्हणाली. शेवटी तो चिडला आणि तिला पाठीवर घेऊन चुडाव्याला निघाला. तिला गाडीत बसवून माघारी यायचं असं ठरवून. रुळाच्या कडेनं चालताना त्यानं मागे धूर पाहिला. म्हातारीनं त्याच्या गळ्यात हात घट्ट आवळले आणि स्टेशन येईपर्यंत सैल केले नाहीत.

पंचनाम्याच्या दिवशी फौजदारानं गावातल्या एकेकाला विचारलं, त्या दिवशी कुठं होता? मोठे जमीनदार म्हणाले, परभणीला, वकील सांगतील. शिंपी म्हणाला, पालमला. धनगर, नदीवर. फौजदार म्हणाला, "गावात कुणाला आधी काही कळलं हुतं का?" सगळे म्हणाले, न्हाई. यांचा दोस्त बाजूला उभा राहून ऐकत होता. त्यानं माझं नाव सांगितलं नाही, की निरोप आला होता हेही सांगितलं नाही. मला वाटतं, माझ्या बहिणीचं घर त्याच्या ध्यानात आलं असावं. जाताना यांच्याजवळ थांबून त्यानं विचारलं, "दोस्ता, कवा आलास?"

"त्याच दिवशी," हे म्हणाले. तो पोलिसांच्या गाडीत बसला.

नंतर तो गावात राहिला नाही. पूर्णेला खोली घेतली, रेल्वेत कायम झाला, असं कळत राही. हे पूर्णेच्या बाजाराला जात, पण त्याच्याकडे जात नसत. मी एक-दोनदा म्हणाले. ते म्हणत, "जाऊ की." गावात ते नावही ठेवेनासे झाले. नवस होत राहिले, पण मुलांना दुसरी नावं ठेवली जाऊ लागली. पोटातलं पोर जगावं म्हणून जे नाव ठेवायचं, त्या नावानंच त्याला कुणी शोधत आलं तर, असं बायका बोलून दाखवत नसत, इतकंच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागणार म्हणून पुन्हा तशीच हवा झाली. संध्याकाळी गिरणी लवकर बंद, एसटीच्या काचांना जाळ्या, चावडीपुढे पोलिसांची गाडी. हॉटेलातली माणसं मी जवळून गेले की बोलणं थांबवत. एक दिवस हे सकाळीच अंघोळ करून म्हणाले, "चल, पूर्णेला जाऊन येऊ."

त्याचं घर आता विटांचं होतं. दारावर नव्या नावाची पाटी, आधीच्यापेक्षा लहान. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली होती, ते आम्हाला तिथं कळलं. हे दारात उभे राहिले आणि त्यांना हाकच मारता येईना. नवं नाव कधी तोंडात आलेलं नव्हतं, आणि दोस्त म्हणायला सोळा वर्षांचा खंड पडला होता. त्यानंच आतून पाहिलं आणि म्हणाला, "ये."

चहा झाला. पोरांची शिक्षणं, रेल्वेतली बदली, आमच्या विहिरीचं पाणी. निकाल काय लागेल यावर कुणी बोललं नाही. त्याचे केस पांढरे झाले होते. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "एक विचारू का? त्या दिवशी थांब्यावर तुला त्यांनी धरलं हुतं म्हणतेत."

"व्हय."

"नाव विचारलं?"

"व्हय."

"काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं."

"आन मग?"

"मग आडनाव विचारलं."

"ते बी खरंच सांगितलंस?"

हे खाली बघत म्हणाले, "व्हय."

बाहेर शंटिंग चालू होतं, डबे आपटल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी बी खरंच सांगितलं असतं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याच्या बायकोनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं नाही, त्यांच्यात लावत नाहीत, पण ओटीसारखे पदरात पेरू घातले आणि म्हणाली, "लवकर निघा. दुपारनंतर गाड्या बंद करतेत म्हणायलेत."

शेवटची गाडी मिळाली. आत पाच-सहाच माणसं होती. आम्ही उतरलो तेव्हा दिवस मावळत होता आणि थांब्यावर दोन पोरं उगाच उभी होती. आमच्याकडे बघत होती, ओळखीची नव्हती. हे भरभर चालत राहिले. घराचं दार आतून बंद होतं. मुलानं कडी लावून घेतली होती, गावात काहीतरी ऐकलं असणार. यांनी दार वाजवलं.

आतून मुलानं विचारलं, "कोण हाय?"

हे गप्प उभे राहिले. आतून पुन्हा, जरा मोठ्यानं, "कोण?" मी यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याच्या टोकाकडे, थांब्यावरच्या त्या दोन पोरांच्या दिशेनं बघत होते. मग मीच पुढे झाले आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "आमी हाओत. उघड."